कोण पळालं? कुटनं पळालं?

वर्तमानपत्राच्या कचेरीतली रद्दी विकता येते, किस्से विकता येत नाहीत. ते साचतच जातात. आमच्याकडे सगळ्यात जास्त साचले ते पुण्याहून नवे मॅनेजर आले त्या वर्षी. पेपर मराठी, वाचक मराठी, आणि या गृहस्थांचा हुकूम काय, तर महिनाअखेरीस प्रत्येक बातमीदाराची इंग्रजीची परीक्षा! 'गिव्ह अप', 'पुट ऑफ', 'लुक आफ्टर' असली जोडक्रियापदं आलीच पाहिजेत. नापास होईल त्याने बातमीदारी सोडून प्रुफं तपासायला बसायचं. मी दोनदा भांडलो. उपयोग शून्य.

*

दारातल्या फळ्यावर रोज एक क्रियापद. संध्याकाळपर्यंत ते कुठेतरी वापरायचं आणि आपल्या नावापुढे खडूने खूण करायची.

'होल्ड ऑन'च्या दिवशी होटगीच्या स्टेशनमास्तरांचा फोन आला. आमचे फोटोग्राफर इस्माईलभाई ऐटीत म्हणाले, "होल्ड ऑन!" रिसीव्हर टेबलावर ठेवला, फळ्यावर खूण केली आणि चहाला निघून गेले.

परतल्यावर मी विचारलं, "कुणाचा फोन होता?"

"क्या की मालूम. लेकिन अबी तक होल्ड ऑन है."

खरंच होते. मालगाडीचा डबा घसरल्याची बातमी घेऊन बिचारे मास्तर फोनवर ताटकळत होते.

*

खरी धास्ती होती वैरागच्या धोंडिबाला. मेंढरं राखणाऱ्या घरातला हा पहिला बातमीदार. जिल्ह्यात त्याच्याइतकी पायपीट कुणाची नाही. "मला टेबलाला बांधलं तर मी जगत न्हाय बगा," म्हणायचा. म्हणून शिकवणी मी घेतली.

मी वाक्य सांगितलं, 'ही रॅन अवे', म्हणजे तो पळून गेला.

"कोण पळालं?"

"कुणीतरी. पुस्तकातला माणूस आहे."

"पुस्तकातला आसला म्हणून काय झालं? नाव आसंल की. कुटनं पळालं? पोलिसांत नोंद हाय का?"

*

दुसऱ्या दिवशी 'ब्रेक आउट'. आग भडकली, असं वाक्य मी वहीत लिहून दिलं आणि पान खायला खाली उतरलो. वर आलो तर धोंडिबा फोनवर.

"कुणाशी बोलतोयस?"

"अग्निशामक दलाशी. ते म्हनत्यात, आग न्हाय कुटंच. दादा, खोटी वाक्यं देऊ नका की."

*

परीक्षेचा दिवस. मॅनेजरसाहेब पुस्तक उघडून एकेक वाक्य वाचणार, धोंडिबाने कागदावर मराठी करायचं. पहिलंच वाक्य निघालं: सोमवारपासून गिरणी रात्रपाळीच्या कामगारांना 'ले ऑफ' देणार आहे.

'ले ऑफ', म्हणजे कामावरून घरी बसवणं, हा शब्द गिरण्यांच्या सोलापुरात कुणाला शिकवावा लागत नाही. धोंडिबा ताडकन उठला.

"कुटली गिरणी, साहेब?"

"वाक्य आहे हो ते. बसा."

तो बसला नाही. सायकल काढून गेलासुद्धा. साहेबांनी दोन तास वाट पाहिली, मग लाल पेन उघडून त्याचा कोरा कागद पुढे ओढला. तेवढ्यात धोंडिबा घामाघूम होऊन दारात.

"दोन गिरण्या फिरलो, तिसरीत गावलं बगा! सेक्रेटरी थेट माझ्यावरच वराडला, 'ही बातमी फुटली कशी? सोमवारपर्यंत कुणाला कळायचं नव्हतं!' पानभर मजकूर खाली जुळणीला दिलाय. आता एकच सांगा, साहेब."

साहेबांचं पेन हवेत.

"तुमचं नाव घालू, का नुस्तं 'खात्रीलायक गोटातून' लिवू?"