शेवटची ओळ

आमचा कवींचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. बहुतेक जण चाकणच्या कंपन्यांतले. शिफ्ट सुटली की कविता टाकायची आणि कुणाची ओळ सैल पडली यावर भांडत बसायचं, हाच आमचा धंदा.

आई गेली तेव्हा सकाळ होती. रावेतच्या आमच्या इमारतीत धड कुणाशी ओळख नाही, म्हणून आधी ग्रुपवरच कळवलं. सवयीनं एकाखाली एक ओळी पडल्या:

आई गेली.
तिचा चहा तसाच आहे.
चार वाजता घाटावर नेणार.

लगेच सुरू झालं. "वा!" "काय लिहिलंय राव!" टाळ्यांची रांग लागली. कुरुळीचा एक कवी आहे, त्याच्या मतापुढे मी कुणाचं मानत नाही. त्यानं लिहिलं, "भावा, शेवटची ओळ काढ. नुसती माहिती आहे ती. चहावर थांब."

माझं डोकंच फिरलं. "अरे गाढवांनो, माझी आई खरंच गेलीय," असं टाइप केलं. पाठवण्याआधी वरच्या तीन ओळी पुन्हा वाचल्या.

आत बायको आणि बहीण आईला शेवटची अंघोळ घालत होत्या. बाहेर मी फोन धरून उभा होतो, आणि मला त्याचं पटत होतं.