दहाव्याला दिलेला शब्द

माझ्या संशयी स्वभावावरून माहेरी, कळंबला, मला सगळे चिडवायचे. दूधवाला कितीही जुना असो, मी दुधात बोट बुडवून बघणारच. लग्न होऊन कोऱ्हाळ्यात आले तर मालक हसून म्हणायचे, तू देवळातल्या प्रसादाचीबी पावती मागशील. मागितलीही असती.

मालक गेले ते उसाच्या ट्रॉलीवर धडकून. मोटारसायकलला टोमॅटोची क्रेट बांधून पहाटे बारामतीच्या मार्केटला निघाले होते. ट्रॅक्टर पंक्चर होऊन रस्त्यातच उभा, आणि ट्रॉलीच्या मागं ना लाल पट्टी, ना दगड, ना साधा झाडाचा डहाळा. ट्रॅक्टर-ट्रॉली आमच्याच भावकीतल्या तात्यांची. तात्या म्हणजे गावात शब्दाला वजन असलेला माणूस. पोलीस, दवाखाना, सरणाची लाकडं, सगळं त्यांनीच धावपळ करून पाहिलं. लोक म्हणाले, देवमाणूस. मला मात्र पहिल्या दिवसापासून वाटत होतं, हा माणूस जरा जास्तच धावतोय. असल्या दुःखात हे मनात यावं, याची माझी मलाच लाज वाटली.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. बाभळीवर बसून नुसता बघत होता. गेलेल्याचं मन कशात अडकलं असेल ते ओळखून जवळच्यांनी शब्द द्यायचा, अशी रीत. दीर म्हणाले, पोरींना शिकवू. कावळा हलला नाही. कुणी म्हणालं, ठिबकचं अर्धवट काम पुरं करू. तरी नाही. आत्या, म्हणजे माझी सासू, तोंडात पदर कोंबून बसली होती. शेवटी तात्या हात जोडून पुढं झाले.

"पोरा, घरातलं घरात मिटवू. तुझ्या घरचं कुणी केस करणार न्हाय. जा निवांत."

आणि कावळा खाली आला. सगळ्या घाटानं सुस्कारा सोडला. आत्या ढसाढसा रडली. झालं, आमचं तोंड तिथंच बंद झालं.

महिन्याभरानं इंदापूरहून एक माणूस आला. एका वकिलाकडं काम करायचा, अपघातात माणूस गेलेल्या घरांची भरपाईची कागदपत्रं करून द्यायचा. आमचा पत्ता कुणी दिला, हे मी त्याला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तो म्हणाला, पेपरातल्या बातमीवरून आलो. मी त्याला चहासुद्धा दिला नाही. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खायला आलास व्हय, असं तोंडावर म्हणाले. त्यानं ते ऐकून घेतलं. जाताना एवढंच म्हणाला की अर्ज सहा महिन्यांच्या आत करायचा असतो, आणि ट्रॅक्टरच्या विम्याचा कागद तात्यांनी दाखवलाय का, तेवढं विचारा.

मी विचारलं. तात्या म्हणाले, विमा हाय, कंपनी घरबसल्या पैसे देईल, मी बघतो. पुढच्या महिन्यात विचारलं तर साहेब रजेवर. त्याच्या पुढच्या महिन्यात कागद पुण्याला गेलेला. पाणी कुठंतरी मुरत होतं. पाचवा महिना सरला आणि मी इंदापूरवाल्याला फोन केला. तो आला. गाडीचा नंबर टाकला की विमा दिसतो म्हणून खिशातून मोबाइल काढायला लागला. मी म्हटलं, तुझा नको, माझ्या मोबाइलवर दाखव. पोलीस ठाण्याच्या आवारात लावलेल्या ट्रॅक्टरचा फोटो मी पहिल्याच आठवड्यात काढून ठेवला होता. नंबर माझ्या हातानं टाकला. विमा अपघाताच्या आधीच संपलेला होता.

म्हणजे भरपाई तात्यांच्या खिशातून जाणार होती. घाटावर हात जोडले होते ते माझ्या नवऱ्याच्या जिवासाठी नाही. मला असा संताप आला की अर्ज करायचा, हे तिथंच ठरवलं.

पण आई म्हणून आत्याचंही नाव अर्जात हवं होतं, आणि तिच्या मनाविरुद्ध त्या घरात राहून मला कोर्टाची पायरी चढता आली नसती. दोन पोरी पदरात, मुदत संपायला पंधरा दिवस. मी आत्याला सगळं सांगितलं.

"तात्या लबाड आसंल. कावळा न्हवता," ती म्हणाली. "माझ्या लेकानं त्यो शब्द ऐकून घास घेतलाय. मी मोडू व्हय?"

मग मला गप्प बसवेना. मालकांना बाजारातली गोडी शेव फार आवडायची. दहाव्याला ती माझ्या पिशवीत होती, गडबडीत पानावर ठेवायची राहून गेली होती. तात्या बोलत होते तेव्हा मी मागून वाकून मूठभर शेव पिंडाजवळ ठेवली. सगळ्यांची नजर तात्यांवर, माझ्याकडं कुणी पाहिलं नाही. मी बाजूला झाले आणि कावळा उतरला. पहिली चोच त्यानं शेवेलाच मारली. पाच महिने मी हे कुणाला बोलले नव्हते. जगावर संशय घेणारी मी, पण इथं माझा माझ्यावरच विश्वास नव्हता. कावळा शेवेला आला की शब्दाला, कुणी सांगावं?

हे सगळं आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "आन शेव ठेवली नसतीस तर?"

"मला ठाव न्हाय, आत्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धुवट लुगडं नेसून माझ्या आधी एसटीच्या थांब्यावर उभी होती.

बारामतीला कोर्टाबाहेर इंदापूरवाल्यानं कागद पुढं केले. मी प्रत्येक पान वाचलं. कोरं पान एकही ठेवू दिलं नाही, त्याची फी त्याच्याच हातानं लिहून घेतली. तो बिचारा घाम पुसत होता. आत्या अंगठ्याला शाई लावून केव्हाची थांबली होती.

"बारका होता तवाबी हाका मारून यायचा न्हाय," ती म्हणाली. "शेव दावली की पळत यायचा."

आणि तिनं कागदावर अंगठा दाबला.