आधी माया सिस्टरनं खायचं

दवाखान्यात औषधं संपतात. सलाईन संपतं, रॉकेल संपतं, आणि डॉक्टर तर आमच्याकडे आला नाही तोच बदलीच्या मागे लागतो. साठून राहतात ते फक्त किस्से! मी रिटायर झाले तेव्हा वजनकाट्यापासून बेडपॅनपर्यंत सगळ्याचा चार्ज दिला. किश्श्यांचा चार्ज घ्यायला कोणी तयार होईना. मग ते राहिले माझ्याकडेच.

माझं माहेर वरोऱ्याचं, पण नोकरी गेली एटापल्लीच्याही पलीकडे, जंगलातल्या एका लहानशा दवाखान्यात. गावाचं नाव सांगत नाही, सांगून तुम्हाला सापडणारही नाही. मोबाईल अजून यायचे होते तेव्हाची गोष्ट. स्टाफ म्हणजे मी मोठी सिस्टर, मला सगळे कुसुमबाई म्हणायचे. माझ्या हाताखाली माया सिस्टर. जीपवर गजाननभाऊ. आणि पुण्याकडून आलेले डॉक्टरसाहेब, बिचारे नवीन होते.

आज जे सांगते ते सगळं एकाच सुईचं आहे. भूक मारायच्या सुईचं. हसू येईल तिथं हसून घ्या, पुढे जरा कठीण आहे.

*

माया सिंदेवाहीची. बाप लहानपणीच गेलेला, आईनं धानाच्या बांधीत राबून तीन पोरी शिकवल्या, त्यातली ही थोरली. अंगानं भरलेली, उंच, हसली की सगळी हलायची. नाल्याला पाणी आलं की गजाननभाऊ तिला हात जोडून पुढच्या सीटवर बसवायचे. म्हणायचे, "माया मॅडम पुढं बसल्या ना, तं आपली जीप वाहून जात नाई!"

आमच्याकडे आठवड्यातून एकदा कुपोषित लेकरांचा दिवस असायचा. लेकरांचं वजन करायचं आणि खिचडी खाऊ घालायची. पण पाड्यावरच्या माडिया गोंड बाया काही लेकरांच्या तोंडात घास घालू देत नसत. त्यांच्यात रीतच तशी. ज्यानं अन्न दिलं त्यानं आधी सगळ्यांसमोर खायचं, मग बाकीच्यांनी.

मग काय, माया मांडी घालून खाली बसायची आणि थाळीभर खिचडी अशी चवीनं खायची की बघणाऱ्याला भूक लागावी. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या आणि मग लेकरांना भरवायच्या. डॉक्टरसाहेबांची प्रोटीनवरची भाषणं एकीकडे आणि मायाचा घास एकीकडे!

त्यात एक होती बुधरी. तिची पोरगी सोमी, दीड-दोन वर्षांची असेल, नुसते डोळे आणि पोट. बुधरीनं एकदा मायाचा दंड चांगला दाबून पाहिला, जसं बाजारात कोंबडं पाहतात तसं, आणि मोडक्या मराठीत म्हणाली, "माह्या पोरीले तुह्यावानी कर."

माया हसून हसून बेजार. मला म्हणाली, "कुसुमबाई, मले पाहून खूश होणारी एवढ्या दोन जिल्ह्यांत एकच बाई भेटली. अन् तिले पोरगा नाई!"

*

पोरगा भेटला तो चंद्रपूरचा. सरकारी नोकरी, घर चांगलं, सगळं जुळलं. पाहायला सिंदेवाहीला आले, मी पण गेले होते मोठी म्हणून. पाहुण्यांनी पोहे खाल्ले, वरून चिवडा खाल्ला, त्यावर दोनदा चहा झाला. मग मुलाची मावशी तोंड पुसून म्हणाली, "पोरगी पसंत हाय. फक्त थोडी कमी करा."

मला आधी कळेचना. भाजीवाल्याला म्हणतात ना, भाऊ थोडं कमी करा, तसं!

मायाची आई लगेच, "करू ना, करू, काऊन नाई करणार?" तिच्या मागे आणखी दोन पोरी उभ्या होत्या. थोरलीचं झाल्याशिवाय त्यांचं बोलणं कोणी काढत नव्हतं. पाहुणे म्हणाले, उन्हाळ्यापर्यंत बारीक झाली तर साखरपुडा करू, नाहीतर आम्हाला दुसरीकडचं पाहू द्या.

परतताना एस.टी.त माया खिडकीबाहेर बघत बसली होती. मी म्हटलं, नाही म्हणून टाक. तर म्हणते, "माह्या एकटीचं असतं तं तिथंच म्हटलं असतं. पण त्या दोघी दाराआडून माह्याकडे पाहून राह्यल्या होत्या ना."

*

चंद्रपुरात साडीच्या दुकानाच्या वर एक 'स्लिमिंग सेंटर' निघालं होतं. भिंतीवर दोन-दोन फोटो, आधीची बाई आणि नंतरची बाई. मला तर दोन्हीतली बाई वेगवेगळी वाटली. टेबलामागे टाय लावलेला एक माणूस. डॉक्टर होता की नव्हता, देवाला माहीत.

तो म्हणाला, "मॅडम, खाणं हा प्रॉब्लेमच नाही. भूक हीच खरी बिमारी आहे! आम्ही भूकच काढून टाकतो."

मी म्हटलं, "आमच्या तालुक्यात या तुम्ही. तिकडं या बिमारीची साथच चालू हाय!"

त्याला काही कळलं नाही. उलट माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणतो, "तुम्ही पण चालू करा ना, आंटी."

म्हटलं, "बापा, मले भूक लागते म्हणून तं मी नोकरी करून राह्यली! तेच काढलं तं उद्यापासून घरीच बसन."

हसण्यावारी गेलं सगळं. पण येताना मायाच्या पर्समध्ये इंजेक्शनच्या बाटल्या होत्या, लेबल खरवडून काढलेल्या.

*

त्या बाटल्या थंड ठेवायच्या होत्या. आणि थंड जागा गावात एकच, आमचा लसीचा रॉकेलवरचा फ्रीज. माझा डोळा चुकवून तिनं त्या पोलिओच्या डोसामागे ठेवल्या. मी तिला आधीच सांगितलं होतं, माझ्या हातानं मी तुला ही सुई टोचणार नाही. तर पडद्यामागे जाऊन आपली आपणच टोचून घ्यायची.

एक दिवस डॉक्टरसाहेबांनी फ्रीज उघडला. "ही कुठली लस आहे?"

गजाननभाऊ पटकन म्हणाले, "साहेब, ते पोट कमी कराची लस हाय."

साहेब असे भडकले! "माया, तू नर्स आहेस ना? लेबल नसलेलं औषध पेशंटला देशील का? मग स्वतःला कसं देतेस?" बाटल्या आत्ताच्या आत्ता फेकायला सांगितल्या. बरोबरच होतं त्यांचं.

माया खाली बघून ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "साहेब, तुमच्या पुस्तकात लग्न जमायचं औषध हाय का? असन तं सांगा, मी हे फेकतो."

बाटल्या फ्रीजमधून निघाल्या आणि तिच्या खोलीवर, पाण्याच्या माठात गेल्या.

*

सुई लागू पडली. इतकी की मायाला अन्नाचा वाससुद्धा नकोसा झाला. खिचडीच्या दिवशी बायांसमोर तेवढे चार घास कसेबसे उतरवायची. डबा आणायची सवयीनं आणि झाकण उघडून तो सरकवायची गजाननभाऊंकडे. आलूवांग्याची भाजी, चण्याच्या डाळीची भाजी, कधी झिंगे. भाऊ नाही म्हणणाऱ्यांतले नव्हतेच.

महिना-दोन महिन्यांत भाऊंच्या खाकी शर्टाचं बटन तुटून थेट डॉक्टरसाहेबांच्या टेबलावर पडलं. भाऊ ओशाळून म्हणाले, "काय करता साहेब, सुई तिले टोचते अन् लागते माह्या पोटाले!"

आम्ही पोट धरून हसलो. मायाही हसली. पण आता ती हसली तरी हलत नव्हती, गालाची हाडं तेवढी वर यायची.

*

मग तो खिचडीचा दिवस आला. बाया लेकरं घेऊन रांगेत बसल्या. माया नेहमीसारखी मांडी घालून बसली, घास तोंडापर्यंत नेला, आणि तसाच टाकून बाहेर पळाली. बोअरिंगच्या मागे ओकली. सगळ्या बायांनी पाहिलं.

कोणी आरडाओरडा केला नाही. एकेकीनं थाळी पुढे सरकवली, लेकरू कडेवर घेतलं, आणि उठल्या. त्यांचा हिशोब सरळ होता. एवढी धडधाकट बाई ही खिचडी खाता खाता वाळून गेली, आज तर तिच्या पोटात घासही ठरेना, म्हणजे खोट खिचडीतच आहे!

डॉक्टरसाहेब धावले. स्वतः थाळी घेऊन बायांपुढे घास खाल्ला. एक म्हातारी म्हणाली, "हा साहेब हाय. हा आमचं खात नाई, आज कसा खाऊन राह्यला?"

म्हणून मी बसले खायला. तर ती म्हातारी माझ्याकडे बघून म्हणते, "तुह्यं काय, तू तं म्हातारी हायस. तुले खाऊन काय होते अन् न खाऊन काय होते?"

बुधरी सगळ्यात शेवटी गेली. जाता जाता मायाच्या दंडाला हात लावून बघितला. दंड तिच्या मुठीत मावला.

पुढच्या आठवड्यात खिचडी शिजली आणि खायला कोणीच आलं नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. मी पाड्यापाड्यांवर जाऊन घसा फोडला. ज्या मायामुळे त्या यायच्या, त्याच मायाकडे बोट दाखवून मला विचारायच्या, "मंग तिले काय झालं ते सांग." काय सांगणार? की चंद्रपुरातल्या एका मावशीला ही बाई जास्त वाटली? हे त्यांच्या भाषेत कसं सांगतात ते मला आजही येत नाही.

*

उन्हाळ्यात पाहुणे आले पाहायला. मायानं निळी साडी नेसली होती, ब्लाउज दोन्हीकडून दाबलेलं. केस पार विरळ झालेले, म्हणून गजरा मोठा माळला होता. तिची आई तर कौतुकानं सगळ्यांना सांगत होती, बघा कशी बारीक झाली.

मावशीनं पोहे खाल्ले. चिवडा खाल्ला. मग मला आत बोलावून कानात म्हणाली, "खरं सांगा बाई, पोरीले टीबी-गिबी तं नाई ना? आमच्या घरी लहान लेकरं हायत."

मी म्हटलं, "तुम्हीच म्हटलं ना कमी करा?"

"अवं, थोडी म्हटलं होतं!"

नकार दोन दिवसांनी आला. मायानं सुया सोडल्या, उरलेल्या बाटल्या नाल्यात ओतल्या. पण गेलेली भूक काही परत येईना. समोर ताट घेऊन बसायची, भात चिवडायची आणि ताट झाकून ठेवायची. मी एकदा तिच्यासाठी तिच्या आवडीचे झिंगे केले. तिनं एक तोंडात घातला, तो गिळता गिळता तिचे डोळे भरून आले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, दुसरं काय करणार होते?

*

आता शेवटचा किस्सा. सोमी त्याच वर्षी थंडीत गेली. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी मला विचारायला नको.

त्याआधी, पाऊस सरता सरता, आम्ही बुधरीच्या पाड्यावर गेलो होतो. माया म्हणाली, मी येतो. जीप नाल्यापर्यंत गेली, पुढे चालत. गजाननभाऊंच्या डोक्यावर खिचडीचा डबा.

बुधरी अंगणात बसली होती. मांडीवर सोमी. पोरगी मान धरत नव्हती. बुधरीनं खिचडीच्या डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती मायाकडेच बघत होती. सोमीला खाली चटईवर ठेवलं, उठली, मायाचा दंड धरला, चाचपला, आणि तिच्यावर रागावायलाच लागली. गोंडीत. आम्हाला कोणाला काही समजलं नाही, पण आई रागावते तसं होतं ते.

मग झोपडीत गेली आणि मडकं घेऊन आली. तळाला जावा होता, त्यांची ती तांदळाची पातळ पेज. मडकं पार तिरपं करून तिनं ती पानाच्या द्रोणात ओतली. आत अजून काही असेल असं वाटत नव्हतं. गजाननभाऊ पुटपुटले, "बाई, ते लेकराचं हाय, ते नको." ती ऐकते कुठे!

द्रोण घेऊन ती मायाच्या समोर खाली बसली. आधी आपण एक घोट घेतला. आम्हाला दिसावा असा, तोंड उघडून, गिळून दाखवला. मग द्रोण मायाच्या तोंडाशी धरला.

"पाह्य, मी खाल्लं. मले काई झालं नाई. आता तू खा."

माया द्रोण हातात घेऊन तशीच सोमीजवळ सरकली आणि सोमीच्या ओठांना लावला. पोरीनं तोंड घट्ट मिटून घेतलं. आणि आपला तो काडीसारखा हात उचलून द्रोण आधी मायाकडे ढकलला.