पाच चिठ्ठ्या

आमच्या सदाशिव पेठेतल्या इमारतीत पाण्याची पाहणी करायला महापालिकेकडून दर उन्हाळ्यात एक गृहस्थ यायचे. इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज आणि प्रत्येक वाक्याआधी "कसं आहे". घरांच्या नंबरांच्या चिठ्ठ्या डब्यात हलवून ते पाच काढायचे आणि तेवढ्याच घरी विचारायचे.

"कसं आहे, हा नमुना. पाच घरांवरून चाळीस घरांचं कळतं."

त्यांना दरवर्षी एवढंच कळायचं, की पाणी भरपूर आहे. चौथ्या मजल्यावर आम्ही बादल्या वाहत असायचो. मला त्यांचा संशय येऊ लागला होता.

यंदा ते चिठ्ठ्या काढताना मी खालीच उभी राहिले. त्यांनी एक चिठ्ठी उघडली, वाचली, खिशात टाकली आणि दुसरी काढली. असं तीनदा झालं.

"त्या खिशात का गेल्या?"

"कसं आहे, अक्षर पुसट होतं."

"चिठ्ठ्या तुम्हीच लिहिल्यात ना?"

मी हात पुढे केला. त्यांनी तिन्ही दिल्या. तिन्हींवर चौथ्या मजल्याचे नंबर ठसठशीत लिहिलेले होते.

"अहो, गुडघे दुखतात. चार जिने चढवत नाहीत," ते म्हणाले.

क्षणभर मला वाईट वाटलं. "मग इथेच लिहा, चौथ्यावर पाणी चढत नाही."

त्यांनी एक अक्षरही न लिहिता शांतपणे पेनाला टोपण लावलं.