दीक्षितपुऱ्यातला जर्मन

मागच्या अधिक श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी जबलपूरला आमच्या दीक्षितपुऱ्याच्या गल्लीत ऑटो थांबला. त्यातून शेजारच्या अण्णांची मुलगी शुभांगी उतरली आणि तिच्या मागून, डोकं सांभाळत, एक सहा फुटांहून उंच काळा माणूस उतरला. संध्याकाळपर्यंत गल्लीत सगळ्यांच्या तोंडी झालं, की अण्णांकडे जर्मनीचे इंजिनियर आले आहेत. अमावास्या होईपर्यंत ते राहिले. तेवढ्या मुक्कामात त्यांच्यापुढे मिक्सर, शिलाई मशीन, कूलर, पाण्याचा पंप आणि भिंतीवरचं एक घड्याळ आणण्यात आलं. त्यातलं काहीही त्यांनी दुरुस्त केलं नाही.

त्याचं नाव क्वाबेना. जन्म घानामधल्या कुमासीचा. कॉलेजच्या वयात तो लाइपझिगला शिकायला गेला आणि तिथेच राहिला, तिथलाच नागरिक झाला. यंत्राच्या खोक्यात सूचनांचं जे पत्रक येतं, ते जर्मनमधून इंग्रजीत आणणं हा त्याचा व्यवसाय. यंत्राशी त्याचा संबंध तेवढाच. घरातला स्क्रू ड्रायव्हर शुभांगीचा होता आणि तो कुठे ठेवला आहे हेही त्याला ठाऊक नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी त्याने समोरच्या दुबेजींना स्वच्छ सांगितलं, "मैं इंजीनियर नहीं हूँ." दुबेजी खूश झाले. घरात जाऊन म्हणाले, "बड़े लोग ऐसे ही बोलते हैं."

इंजिनियरची भानगड अण्णांमुळे झाली होती. संरक्षण खात्याच्या कारखान्यात ते आयुष्यभर तपासणी विभागात होते आणि खोटं बोलत नसत. शुभांगीने लाइपझिगला लग्न केलं तेव्हा त्यांनी तिच्याशी बोलणं बंद केलं. मध्ये एक अधिक महिना येऊन गेला. अधिकात जावयाला बोलवून, पाटावर बसवून अनारशांचं वाण द्यायचं असतं. शुभांगीच्या आईने, म्हणजे आमच्या काकूंनी, त्या महिन्यात दुसऱ्यांच्या जावयांची वाणं पाहिली. या अधिकात मात्र त्यांनी मुलीला परस्पर फोन करून बोलावलं आणि मग नवऱ्याला सांगितलं. अण्णा म्हणाले, "येऊ दे. पण पाहुणा म्हणून. वाण-बिण मी देणार नाही, सांगून ठेवतो." गल्लीत कोणी विचारलं तर त्यांनी दोन वाक्यं ठरवून ठेवली होती. जर्मनी से आए हैं. मशीन का काम करते हैं. दोन्ही वाक्यं खरी होती.

हा माणूस अण्णांचा जावई आहे हे माहीत नसलेलं एकही घर गल्लीत नव्हतं. लग्नाचे फोटो लग्नाच्याच आठवड्यात सगळ्यांच्या मोबाइलवर येऊन गेले होते. पण अण्णांनी सांगितलं त्यावरून पाहुणा इंजिनियर ठरला, आणि मग आपला मिक्सर दाखवायला न नेणं म्हणजे अण्णांना खोटं पाडणं झालं असतं. म्हणून लोक मिक्सर आणत. ज्यांचे चांगले चालत होते त्यांनीही आणले.

क्वाबेनाची एक सवय होती. कोणतंही यंत्र समोर आलं, की तो हात मागे बांधून त्याच्याभोवती एक फेरी मारायचा आणि सूचना सांगायचा. मराठी तो शुभांगीकडून शिकला होता, पण व्यवसायामुळे ती पत्रकासारखीच बाहेर पडायची. "प्रथम वीजपुरवठा बंद करावा. ओल्या हातांनी स्पर्श करू नये. मुलांपासून दूर ठेवावं." जेवतानाही तो तसाच बोलायचा. "कृपया मला आणखी वरण देण्यात यावं." काकू पदर तोंडाला लावून आत जायच्या. दुबेजींच्या पंपासमोर तो असाच सूचना सांगत होता, तेवढ्यात गेलेली वीज आली आणि पंप सुरू झाला. त्यानंतर यंत्रांची संख्या वाढली.

आमची गच्ची अण्णांच्या गच्चीला लागून आहे. मी एका हिंदी दैनिकात शहराच्या बातम्या पाहतो, त्यामुळे सकाळी घरी असतो. वाळत घातलेल्या कपड्यांच्या अलीकडे-पलीकडे उभं राहून आमचं बोलणं व्हायचं. तो तक्रार करत नसे. घडलेलं सांगायचा, क्रमाने.

लाइपझिगमध्ये त्याला विचारतात, तुम्ही कुठले? तो सांगतो, लाइपझिगचा. ते म्हणतात, हो, पण मुळात कुठले? तो आपल्या पेठेचं नाव सांगतो. एकदा एक आजीबाई त्याला म्हणाल्या, तुमचं जर्मन फार चांगलं आहे. तो म्हणाला, "धन्यवाद, तुमचंही." घर शोधत होता तेव्हा फोनवर घर रिकामं असायचं. "मी जिना चढून वर पोचेपर्यंत ते भाड्याने गेलेलं असायचं," तो म्हणाला. "मी जिने फार हळू चढतो, असं वाटतं." रोमला फिरायला गेला असताना तो एका चर्चच्या पायऱ्यांवर स्वतःची नवी चामडी बॅग शेजारी ठेवून बसला होता. तिथे रस्त्यावर बॅगा विकणारे बहुतेक काळे असतात. एका पर्यटकाने बॅगेची किंमत विचारली. विकायची नाही म्हटल्यावर त्याने भाव वाढवला. पुन्हा नाही म्हटल्यावर आणखी वाढवला.

"मग?" मी विचारलं.

"मग विकली. भाव चांगला होता."

पलीकडे कपडे झटकणारी शुभांगी म्हणाली, "वाढदिवसाला मी दिलेली होती ती. आत माझा चष्मा होता. हे हसून राहिले."

"चष्म्याचे वेगळे पैसे मागायला हवे होते," क्वाबेना म्हणाला. "ती माझी चूक."

गल्लीत त्याच्याकडे लोक बघत असत, हे सांगायला हवं. मुलं मागे फिरायची, बाया खिडकीत यायच्या, सेल्फी तर रोजचेच होते. तुला याचा त्रास होत नाही का, असं मी विचारलं होतं. "होतो," तो म्हणाला. "पण तिथे लोक बघत नाही असं दाखवून बघतात. इथे खुर्ची घेऊन बसतात. मी कुठे उभं राहावं ते तरी कळतं." आणि मग, कपड्याचा चिमटा लावता लावता: "मला जर्मन पासपोर्ट मिळून पुष्कळ वर्षं झाली. मला कोणी जर्मन म्हटलं नाही. इथे पहिल्या संध्याकाळी म्हटलं. कोणी पासपोर्टही मागितला नाही."

गल्लीला प्रश्न पडला होता, तो दुसराच. जर्मन गोरे असतात असं सगळ्यांनी ऐकलं होतं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने तो अण्णांनाच विचारला. अण्णा अडचणीत आले. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं बोलायचं नव्हतं. ते म्हणाले, "भट्टी पर काम करने वाले का रंग देखा है कभी?" हा प्रश्न होता, उत्तर नव्हतं. दुकानदाराने ते उत्तर म्हणून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी क्वाबेनाला गोरं होण्याच्या क्रीमची एक ट्यूब भेट दिली, भट्टीने झालेलं नुकसान म्हणून. क्वाबेनाने ट्यूबवरच्या सूचना पूर्ण वाचल्या, दुकानदाराचे आभार मानले आणि इंग्रजी मजकुरातल्या दोन चुका त्याला दाखवल्या.

परक्या शहरात काळा माणूस दिसला, की ओळख नसली तरी तो मान किंचित हलवायचा. लाइपझिगला, लिस्बनला, सगळीकडे हे चालतं, म्हणाला. समोरचाही हलवतो आणि दोघं आपापल्या वाटेने जातात. जबलपूरला बरेच दिवस त्याची मान स्थिर होती. मग कमानिया गेटजवळ आम्ही खोव्याची जिलेबी खात उभे असताना समोरून आफ्रिकेतला एक विद्यार्थी गेला. दोघांच्या माना हलल्या. मिठाईवाल्याने हे पाहिलं.

"भाई हैं आपके?"

"नहीं."

"तो वो भी जर्मन हैं?"

क्वाबेनाने थोडा विचार केला. "हो सकता है," तो म्हणाला.

इकडे महिना संपत आला होता. काकूंनी तांदूळ भिजवून, सुकवून, कुटून, गूळ घालून अनारशाचं पीठ करून ठेवलं होतं, ते जावई यायच्या आधीच. डबा त्यांनी पलंगाखाली ठेवला होता. अण्णांना त्याचा वास येत होता आणि ते त्याबद्दल बोलत नव्हते. काकू लोकांसमोर "जावई" म्हणायला जायच्या आणि शब्द गिळून "साहेब" म्हणायच्या. "पीठ आंबून राहिलं, महिना संपून राहिला, अन् हे पेपर वाचून राहिले," असं त्या मला आमच्या दारात उभं राहून सांगायच्या, अण्णांना ऐकू जाईल इतक्या आवाजात. शुभांगीने परतीची तिकिटं अमावास्येच्या दुसऱ्या दिवसाची काढली होती. पुढचा अधिक महिना तीन वर्षांनी येणार होता. अण्णांचं वय ऐंशीच्या पुढे होतं.

अमावास्येच्या आदल्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक्टर-ट्रॉली थांबली. पनागरचे पटेल नावाचे शेतकरी आपलं पाण्याचं डिझेल इंजिन ट्रॉलीत घालून आले होते. पावसाने ओढ दिली होती, धानाचं रोप वाळत होतं, आणि दीक्षितपुऱ्यात जर्मन इंजिनियर आला आहे ही बातमी भाजीबाजारातून पनागरपर्यंत गेली होती. चौघांनी इंजिन उचलून अण्णांच्या दारात ठेवलं. क्वाबेना बाहेर आला, हात मागे बांधून त्याने फेरी मारली.

"यंत्र कृपया तज्ज्ञाकडे न्यावं," तो म्हणाला.

शुभांगीने ते हिंदीत सांगितलं. पटेल म्हणाले, "वहीं तो लाए हैं, बिटिया." आणि त्यांनी पाना क्वाबेनाच्या हातात दिला. "साहब, आप खोल डालो. रोपा मर रहा है. आपके भरोसे छोड़ के जा रहे हैं, परसों ले जाएँगे."

गल्ली जमली होती. क्वाबेनाने पाना पाहिला, इंजिन पाहिलं आणि मग अण्णांकडे पाहिलं. खरं काय ते त्याने पहिल्या दिवसापासून सांगितलंच होतं.

अण्णा ओट्यावरून उतरले. त्यांनी त्याच्या हातातून पाना काढून घेतला.

"ये इंजीनियर नहीं हैं," ते पटेलांना म्हणाले. "जिसको काम नहीं आता, उसके हाथ में मशीन नहीं देते. तुम्हारी फसल का सवाल है."

"तो ये हैं कौन?"

अण्णांनी पाना पटेलांच्या हातात परत दिला.

"जमाई हैं हमारे. शुभांगी के आदमी."

मग समोरच्या गॅलरीतून दुबेजी म्हणाले, "अण्णाजी, हमको तो पहले से मालूम था."

अण्णांना रागात मराठी येत असे. "मालूम होतं तर पंप काहून दाखवला होता?"

"आपकी बात रखने के लिए," दुबेजी म्हणाले.

पटेलांनी क्वाबेनाशी हात मिळवला. "जमाई हैं तो बहुत बधाई. अब इंजन का बताओ."

इंजिन पुन्हा ट्रॉलीत चढलं. आपल्या ओळखीच्या मिस्त्रीकडे पोचवायला अण्णा स्वतः ट्रॅक्टरवर पटेलांच्या बाजूला बसून गेले. काकू तेवढ्यात आत जाऊन कढई चढवत होत्या. "जावईबापू, आता घरात या!" असं त्या आतून दोनदा ओरडल्या. एकदाच पुरेसं होतं, पण शब्द साठले होते.

पीठ जुनं झालं होतं. अनारसे हसले, म्हणजे तुपात पडताच विरघळून पसरले. वाणाला तेहतीस लागतात आणि धड निघाले सात. उरलेली संख्या बत्ताशांनी आणि कमानिया गेटच्या खोव्याच्या जिलेबीने भरून काढण्यात आली. वाणात जाळीदार पदार्थ चालतो, आणि जिलेबीला भोकं असतातच, असा निर्णय काकूंनी दिला. अमावास्येला सकाळी क्वाबेना पाटावर बसला. पाट पुरला नाही, तेव्हा अण्णांनी दुसरा आणून जोडला. त्यांनी जावयाला गंध लावलं, ताम्हण त्याच्या हातात दिलं आणि वर दिवा ठेवला.

क्वाबेनाने सगळं नीट पाहून घेतलं. "यातलं सर्व आजच खाणं आवश्यक आहे का?" त्याने विचारलं.

"तुमच्या सोयीने," अण्णा म्हणाले. जावयाशी थेट बोललेलं ते त्यांचं पहिलं वाक्य होतं.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर निम्मी गल्ली आली होती. गाडी हलल्यावर दुबेजी रुमालाने डोळे पुसत म्हणाले, "इंजीनियर आदमी अच्छा था." त्यांना कोणी दुरुस्त केलं नाही. पटेलांचा फोन आला होता, इंजिन चालू झालं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात अण्णा आणि काकू लाइपझिगला गेले. तिथल्या एका घटनेची हकिकत मला क्वाबेनाने, शुभांगीने आणि काकूंनी वेगवेगळ्या फोनवर सांगितली आणि तिन्ही जुळतात. चौघं ट्राममधून जात होती. डबा भरलेला होता. दोन तिकीट तपासनीस चढले, बाकीच्यांना ओलांडून सरळ क्वाबेनापाशी आले, त्याचा पास पाहिला, मग शेजारच्या तिघांची तिकिटं पाहिली आणि पुढच्या थांब्यावर उतरायला दाराशी गेले. ट्राम थांबून दार उघडलं, तसे अण्णा उठले आणि दारात उभे राहिले. इंग्रजीत म्हणाले, "इन्स्पेक्शन नॉट कम्प्लीट." तपासनिसाला कळलं नाही. अण्णांनी जावयाला सांगितलं, "यांना सांगा. सगळा माल न बघता इन्स्पेक्टरला शेड सोडता येत नाही."

क्वाबेनाने ते जर्मनमध्ये सांगितलं, एक शब्दही न बदलता. दोन्ही तपासनिसांनी एकमेकांकडे पाहिलं. मग ते मागे वळले आणि पहिल्या बाकापासून तिकिटं मागायला लागले. शेवटच्या बाकापर्यंत ते पोचेतो अण्णा दारातच उभे होते आणि ट्राम थांब्यावर.