महिपतीच्या कौतुकाचं माप

मोहोळजवळच्या एका गावात महिपती नावाचा थोर माणूस राहतो. थोर अशासाठी, की साठी उलटली तरी त्यानं शुद्धीत कुणाला चांगलं म्हटल्याचा एक साक्षीदार गावात सापडत नाही. ज्वारीची कणसं टच्च भरली तर म्हणतो, "पाखरांची सोय झाली." बायकोची, गोजरबाईची, शेंगाचटणी बोटं चाटून खातो आणि म्हणतो, "शेंगा बऱ्या होत्या."

गावानं या गुणाचं सोनं केलं. शिवरात्रीला महादेवाच्या देवळात भांग वाटून, दुधात मिसळून घोटा होतो. पाला कधी जून, कधी कोवळा. वाटलेल्या गोळीचा जोर कुणाच्या बापाला कळत नाही. म्हणून आदिनाथ गुरव पहिला पेला महिपतीला पाजतो, घटकाभर थांबतो आणि विचारतो, "तात्या, मेव्हणा कसा हाय?"

मेव्हणा म्हणजे गोजरबाईचा भाऊ शिवशरण. बोअर मारायच्या आधी मोटार आणणारा. उत्तर 'गाढव' आलं तर घोटा कच्चा, टाक आणखी गोळी. 'शहाणा' आलं की वाटप सुरू. एका साली 'देवमाणूस' आलं, तेव्हा जोर उतरवायला घागरभर दूध ओतावं लागलं.

यंदा महिपतीच्या छातीत कळ आली आणि डॉक्टरनं दम भरला, भांगेचा थेंब घेतला तर थेट वरचा रस्ता. पण गावानं दिलेला मान सोडायला माणूस तेवढा मोठा लागतो. मग नवराबायकोत गुपचूप ठरलं, की प्रदक्षिणा घालता घालता गोजरबाईनं पेला बदलायचा. बडीशेप वाटून हिरवट केलेलं नुसतं दूध.

दूध पिऊन महिपती पारावर डोळे मिटून बसला. छान जमलं होतं. फक्त कौतुक करायचं राहिलं होतं.

"तात्या, मेव्हणा कसा हाय?"

"गाढव," महिपती म्हणाला. सवय हो, दुसरं काय.

आदिनाथनं गोळी टाकली. परत विचारलं. महिपतीनं 'शहाणा' म्हणायला तोंड उघडलं. समोर शिवशरण, चष्मा कपाळावर ठेवून खिशात चष्मा शोधत होता. "बिनडोक हाय!"

"पाला लई कच्चा निघाला की," म्हणत आदिनाथनं आणखी एक गोळी सोडली. रांगेत पहिला शिवशरणच, हातात तांब्या घेऊन.

गोजरबाई पदराआडून फिस्कारली, "अवं, आता बैल लोळंल असा घोटा झालाय. माझा भाऊ मरंल. बोला!"

आता नुसत्या 'शहाणा'नं भागणार नव्हतं. महिपती उठला. फासावर निघाल्यासारखा शिवशरणपाशी गेला आणि त्याला मिठी मारली.

"शिवशरण, तू... तू देवमाणूस हायस. माझ्या आजारपणात रोज दवाखान्यात डबा आणलास. मी बघत हुतो."

"दूध वता! दूध!" आदिनाथ ओरडला. घागरीमागून घागर ओतली गेली. शिवशरण गदगदून म्हणाला, "दाजी, उतरल्यावर इसराल तुमी."

घरी जाताना गोजरबाईनं त्याला वेशीपाशी थांबवलं. म्हणाली, "नुसत्या दुधावर म्हणालासा."

"गोजरे, कुणाला सांगितलंस तर बघ."

"सांगती कशाला? पुढच्या साली दुधावर मला काय म्हणतासा, ते बघायचंय की."