मोरीचा चौथा नियम
आमच्या कळव्याच्या सोसायटीत जिन्याखाली काचेच्या पेटीत एक कागद लावलेला होता. 'मोरी व संडास वापरण्याचे नियम.' एक, भांड्यातलं खरकटं मोरीत सोडू नये. दोन, संडासात कापड, कापूस, कागद टाकू नये. तीन, कचरा गॅलरीतून खाली फेकू नये. आणि चार, 'मोरीत मासे साफ करण्यास सक्त मनाई आहे.' अक्षर माझं. सेक्रेटरी माझे यजमान आणि मी ठाण्याच्या शाळेत मास्तरीण, त्यामुळे फळ्यावरची आणि कागदावरची सगळी कामं माझ्याच गळ्यात पडत. 'सक्त'खाली मी दोन रेघाही ओढल्या होत्या. त्या कुणी सांगितल्या नव्हत्या.

हा चौथा नियम एकाच बाईसाठी होता, तळमजल्यावरच्या मावशीसाठी. ती कोळ्यांची. जिथं आमची इमारत उभी राहिली ती जागा तिच्या सासरची, आणि बदल्यात तिला मागच्या बाजूची एक खोली आणि मोरी मिळाली होती. नवरा वारलेला, गुडघे दुखणारे. आमच्यातले निम्मे लोक रविवारी तिच्याकडूनच सुरमईचे तुकडे पाडून न्यायचे, आणि सोमवारी नाकाला रुमाल लावून तिच्या दारावरून जायचे.

त्या श्रावणात मागचं चेंबर तुंबलं आणि काळं पाणी वर आलं ते मावशीच्याच मोरीतून. तळमजलाच तो, दुसरीकडे कुठून येणार? पण लोकांचा हिशेब सोपा होता. जिथं तुंबलं तिथलीच चूक, म्हणजे मासळीची खवलं. तातडीची मीटिंग झाली. मावशी दाराशी उभी राहून म्हणाली, "नारली पुनव झाली नाय अजून. होड्या सगल्या बंद हायेत. मासली आनू कुठून मी?"

हे कुणी लिहून घेतलं नाही. वहीत लिहीत मीच होते. मला घरी जाऊन कुकर लावायचा होता.

घाई हा माझा जन्मजात रोग. माझ्या पायाला भिंगरी आहे असं सासूबाई म्हणायच्या. यजमान रस्त्यावरच्या पाट्या वाचून दाखवायचे, "अति घाई संकटात नेई." सकाळी डबे, पाणी, इस्त्री, आणि सव्वासातची बस. ती चुकली की हजेरीवर लाल रेघ. झोपेतसुद्धा मी काहीतरी विसरलेली असायचे.

त्यात सासूबाईंचं निर्माल्य. देवावरची फुलं केराच्या डब्यात टाकायची नाहीत, खरकट्याला लावायची नाहीत, वाहत्या पाण्यातच सोडायची. त्यांचे हारही सगळ्यांसारखे नसत. दोऱ्यानं देठ कापतात म्हणून त्या विणकामातल्या उरलेल्या लोकरीत फुलं ओवायच्या. भाच्या-पुतण्यांच्या घरी मुलीच जास्त झालेल्या, त्यामुळे लोकर बहुतेक गुलाबी. पूजा झाली की कालचं निर्माल्य पिशवीत घालून ती पिशवी माझ्या हातात, "पूल लागला की खाडीत सोड गं."

मी ती बसच्या खिडकीतून फेकायचे. एकदा वाऱ्यानं झेंडूची माळ मागच्या स्कूटरवाल्याच्या छातीवर नेऊन टाकली आणि कंडक्टरनं मला शाळेतल्या पोरीसारखं झापलं. त्यानंतर मी युक्ती काढली. आमच्या मागच्या गॅलरीत गच्चीवरून पावसाचं पाणी खाली नेणारा जाड पाइप होता. तिसऱ्या मजल्यावर त्याला एक उघडं तोंड होतं. यजमानच एकदा म्हणाले होते, हा पाइप नाल्याला मिळतो आणि नाला खाडीला. मग झालं तर! रोज सकाळी मी फुलं त्यात घालायची, वर बादलीभर पाणी ओतायची आणि पळायची. वाहतं पाणी म्हणजे वाहतं पाणी. सासूबाईंना वाटायचं मी अजून पुलावरूनच सोडते, आणि मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटायचं.

त्या श्रावणातल्या चोकअपच्या वेळी सफाईवाल्यानं लांब बांबूनं ढोसून पाणी मोकळं केलं होतं. बाहेर काही काढलंच नव्हतं. त्यामुळे आत काय होतं ते कुणाला कळलं नाही, आणि माझा कागद पेटीत लागला.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या सुटल्या. मावशी रोज सकाळी टोपली आणि कोयता घेऊन खाडीच्या काठावर मासे साफ करायला जाऊ लागली. वाट चिखलाची, आणि ती एक पाय ओढत चालायची. बसस्टॉपवरून मला ती दिसायची. मी घड्याळाकडे बघायची.

दसऱ्यानंतर दोनच दिवसांनी चेंबर पुन्हा तुंबलं. दोन महिन्यांत मावशीच्या मोरीत एक मासा धुतला गेला नव्हता, तरी जिन्यात कुणीतरी म्हणालंच, "चोरून करत असेल." या वेळी यजमानांनी सफाईवाल्याला सांगितलं, जे असेल ते बाहेर काढ. रविवार होता म्हणून मीही खाली होते. त्यानं चेंबरचं झाकण सरकवलं, हात घातला आणि दोरखंडासारखं काहीतरी ओढायला लागला. ते येतच राहिलं. कुजलेली फुलं, वाती, नारळाच्या शेंड्या, आणि त्या सगळ्याला गुंडाळलेली वावभर गुलाबी लोकर.

पावसाचा पाइप बिल्डरनं नाल्याला जोडलाच नव्हता, सरळ चेंबरमध्ये सोडला होता. वर्षभर मी सासूबाईंचे देव गटारात घालत होते. आणि सासूबाई वर गॅलरीत उभ्या होत्या, "काय निघालं गं?" असं विचारत. खरं बोलावं तर त्या म्हातारीनं अन्नपाणी सोडलं असतं. गप्प बसावं तर खापर मावशीच्याच डोक्यावर राहणार. आयुष्यात प्रथमच माझे पाय जागचे हलेनात.

मावशीनं खाली वाकून त्या ढिगाकडे बघितलं, मग वर गॅलरीकडे, मग माझ्याकडे. सासूबाईंनी नारळी पौर्णिमेला तिला होडीच्या पूजेसाठी त्याच लोकरीचा हार दिला होता. तिनं टोपलीतलं गोणपाट काढलं, सगळा ढीग त्यात गोळा केला आणि वर बघून ओरडली, "काय नाय आजी, झाडाची मुलां शिरली व्हती आत!" मग मला हळू आवाजात म्हणाली, "देवाचा हाय, पायाखाली नको. उद्याधरून फुलांची पिशवी माज्याकडं दे गो. नायतरी मी जातंय खाडीवर मासली धुवाला."

त्या बोलण्यात टोमणा असेल म्हणून मी तिचा चेहरा नीट बघितला. टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी वर गेले, पेटीची किल्ली घेऊन जिन्याखाली आले आणि चौथा नियम खोडायला लागले. यजमान मागून आले, "अगं, मीटिंगमध्ये ठरलेलं असं खोडता येत नाही." "अक्षर माझं आहे," मी म्हटलं, "आणि घाणही माझीच होती." मग पायरीवर बसून त्यांना सगळं सांगितलं. पुढच्या मीटिंगमध्ये त्यांनी सांगितलं की बिल्डरनं पाइप चुकीचा जोडला होता, मासळीचा काही संबंध नव्हता, नियम रद्द. यातला एकही शब्द खोटा नव्हता. माझं नाव कुठेच आलं नाही, आणि मीही ते घेतलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं फाशी रद्द झाली, चोर तसाच मोकळा राहिला.

नियम खोडला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी टोपली घेऊन निघालेली मला फाटकाशी दिसली. सव्वासात व्हायला आले होते. निर्माल्याची पिशवी हातात धरूनच मी धावत जाऊन म्हटलं, "मावशी, नियम काढला. आता घरीच करा की साफ."

"नको गो," ती म्हणाली. "परत पानी वर आला तं कोन ऐकनार हाय माजा?"

मला काहीतरी बोलायचं होतं. नाक्यावर बस वळताना दिसली आणि माझी नजर आपोआप तिकडे गेली.

मावशीनं ती नजर पकडली. टोपली एका हातात घेतली आणि दुसरा हात पुढे केला. "दे ती पिशवी. तुजी बस चुकंल."

मी दिली. बस मिळाली.